आगाशेसाहेबांचं मीटर

मीटरचा आकडा जुळवायच्या प्रीसेटच्या स्क्रूवर लावलेल्या लाल नेलपॉलिशच्या थेंबाला मधोमध चीर गेली होती. चीर केसाइतकी बारीक होती, पण तिचे दोन काठ आता समोरासमोर नव्हते. अर्धा थेंब स्क्रूबरोबर फिरला होता, घड्याळाचा काटा बारावरून तीनवर जावा तेवढा, आणि उरलेला अर्धा खालच्या निळ्या डबीवर जागच्या जागी होता. हाफिजा गाडीच्या पुढच्या सीटवर उताणी पडून, पाय दाराबाहेर काढून, टॉर्च दातांत धरून डॅशबोर्डच्या पोटात बघत होती. तिने मान हलवून उजेडाचा कोन बदलला आणि पुन्हा पाहिलं. उष्णतेने पॉलिश तडकलं असतं तर चिरा वेड्यावाकड्या गेल्या असत्या आणि स्क्रू जागचा हलला नसता. ही चीर सरळ होती. खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून कुणीतरी मनगट फिरवलं होतं. तिला वाटलं, घरी यावं आणि आपल्या कपाटाचा कडीकोयंडा उचकटलेला दिसावा, तसं काहीतरी हे आहे. पण कपाटातलं काही गेलं तर ते गेलेलं दिसतं तरी. इथे सगळं जागेवर होतं. तारा जागेवर होत्या, चिप जागेवर होती, वर डॅशबोर्डावर तीन लाल आकडे जागेवर होते, आणि ते तीनही आकडे आता खोटं बोलत होते.

गाडी जपानी होती. मुंबईच्या बंदरातून चार हातांतून फिरत ती कोल्हापूरला हंबीररावांकडे आली होती, आणि तिला टर्बो होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो आपल्याबरोबर दुसरा पंखा फिरवतो, आणि तो दुसरा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. टर्बो म्हणजे एवढंच. हवा जितकी कोंबाल तितकी ओढ. पण हद्दीबाहेर कोंबलीत की पेट्रोल आपली वेळ यायच्या आधीच भडकतं आणि पिस्टन जळतो. ती हद्द ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर असावी म्हणून हाफिजाने हे मीटर केलं होतं. काट्याचं नव्हे, आकड्यांचं. शहाऐंशी साली सबंध जिल्ह्यात असं दुसरं मीटर नसावं. ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तास संपल्यावर प्रयोगशाळेत थांबून, पाऱ्याची काचेची नळी भिंतीला उभी करून, सायकलच्या पंपाने हवा भरून तिने पाऱ्याची उंची आणि आपला आकडा जुळवत आणला होता. पारा कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून तिला पारा आवडायचा. शून्य दशांश सातच्या वर दाब गेला की आकडे लुकलुकू लागायचे. शेवटी सगळं जुळल्यावर तिने स्क्रूवर थेंब टाकला होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा डबीवर, म्हणजे पुन्हा कुणी हात लावला तर थेंब तुटेल आणि कळेल. कारखान्यातली माणसं यासाठी लाख वापरतात. तिच्याकडे लाख नव्हती, म्हणून तिने महाद्वार रोडवरून नेलपॉलिशची बाटली आणली होती. ती बाटली अम्माने पर्स आवरताना पाहिली. "क्या गे, नखोंकू ये कायकू लायी?" अम्मा म्हणाली होती, "वजू कैसा हुएगा, नखोंकू पानी कैसा लगेगा? नमाज कैसी पढेगी?" आणि हाफिजा काही बोलायच्या आत अम्माचा चेहरा उजळला होता. लेक नखं रंगवायला निघाली, म्हणजे अखेर लग्नाला तयार झाली. दुसऱ्या दिवशी तिने नेसरीच्या खतिजाखालेला स्थळ बघायचा निरोपसुद्धा धाडला होता. स्क्रूला लावायला आणली, असं सांगितल्यावर अम्मा भाकरी थापायला लागली. त्या थापण्याचा आवाज हाफिजाला अजून आठवत होता.

"झालं का गं?" बाहेरून गौसचा आवाज आला. "मालक येतील एवढ्यात. शेवटचा आकडा लई नाचतंय म्हणत हुते. तेवढा थांबीव, म्हंजे झालं."

शेवटचा आकडा थांबवायला पाच मिनिटं लागली असती. एक कपॅसिटर तिने पर्समध्ये आणलाही होता. ती उठून बसली. उद्यमनगरातला रविवार, त्यामुळे शेजारच्या फाउंड्रीची भट्टी थंड होती आणि गल्लीत नुसतं वाळूचा आणि जळक्या तेलाचा वास येणारं ऊन होतं. गौस, तिचा मोठा भाऊ, लेथला टेकून बशीतून चहा पीत होता.

"भाई, हा स्क्रू कुणी फिरवला?"

"कंचा?"

"सील केलेला. सील तुटलंय."

गौसने बशी खाली ठेवली. क्षणभर त्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मिशीत हसू आलं. "आगाशेसायबांनी," तो म्हणाला.

ती हसली नाही. तो हसायचा थांबला. "आगं, ऐक तर. मालकास्नी वढ पायजे हुती. म्हणलं, देतो. टर्बोचा जादा दाब सोडायच्या झडपेची दांडी वाईच आवळली. गाडी अशी वढाय लागली म्हंतीस! पर तुझं ते मीटर, सारखं डोळं मारतंय. पावण्यांम्होरं डोळं मारतंय. मालक म्हणलं, गौसभाई, तुमच्या आगाशेसायबास्नी सांगा, ह्येचं डोळं मारायचं बंद करा, चारचौघांत आब जातीया. मग मी चार दिवसांनी सांगितलं, सायेब आलते, बघून गेले. झालं."

"म्हणजे पॉइंट नऊ असताना हे पॉइंट सहा दाखवतंय."

"दाखवंना का. गाडीला काय हुतंय?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. राग आला की तिच्या पाळ्या तापायच्या, आवाज चढायचा नाही. वर्गात पोरांनी व्होल्टमीटर उलटा जोडला तरी ती आवाज न चढवता तार काढून घ्यायची. पण हे वेगळं होतं. दांडी आवळली हे एक. स्क्रू फिरवला हे दुसरं. दोन्ही गौसने केलं होतं आणि दोन्ही मूर्खपणाचं होतं, पण गौसचा मूर्खपणा तिला लहानपणापासून माहीत होता, त्याची तिला सवय होती, त्यावर तिचं प्रेमसुद्धा होतं. तिला जे लागलं ते तिसरंच होतं. आगाशेसाहेब आले होते. आगाशेसाहेबांनी बघितलं होतं. तिने महिनाभर पाऱ्याशी ताडून पाहिलेलं काम आगाशेसाहेबांनी येऊन, मनगटाच्या एका हिसक्याने, दुरुस्त केलं होतं.

आणि आगाशेसाहेब नावाचा माणूस जगात नव्हता.

त्यांचा जन्म याच लेथजवळ झाला होता. मीटर पहिल्यांदा बसवलं त्या दिवशी हंबीररावांनी आकडे बघून विचारलं होतं, कुणी केलं हे? हाफिजा तिथेच उभी होती, हातात सोल्डरची तार होती. ती तोंड उघडणार तोच गौस म्हणाला, "पुण्याचे इंजिनेर हायत एक. आमच्या वळखीचं." नंतर घरी तो म्हणाला, तुला सांगतो हाफिजा, गिऱ्हाईक बिचकतंय गं, लाखाची गाडी, आणि बाईमाणसानं तारा जोडल्यात म्हणलं तर उद्या त्ये दुसऱ्या गॅरेजात जाईल, तुझं काय जातंय? तिला तेव्हा खरंच वाटलं होतं, माझं काय जातंय? बाबा गेल्यावर गौसने शाळा सोडली होती. तिच्या एम.एस्सी.ची सगळी वर्षं तो गाड्यांखाली उताणा पडून होता, तिच्या वह्यांवर त्याच्या बोटांचे ऑइलचे ठसे असायचे, कारण तो रात्री तिच्या वह्या उघडून नुसता बघत बसायचा. त्या ठशांपुढे एका मीटरवरचं नाव म्हणजे काय? म्हणून ती गप्प बसली. पण नाव नसलेला इंजिनिअर चालेना. पुढच्या खेपेला हंबीररावांनी नाव विचारलं आणि गौसने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावरून कुठल्याशा औषधाच्या दुकानदाराचं आडनाव उचललं. मग आगाशेसाहेबांना चष्मा आला. त्यांना चहा चालेना, फक्त ताक. ते परदेशात राहून आले. ते कुणाला भेटत नसत, रविवारी सकाळच्या गाडीने येत आणि काम झालं की जात. उद्यमनगरात दोघातिघांनी त्यांना लांबून पाहिलंही होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गौसने नेहमीप्रमाणे सगळी हत्यारं मांडली होती. पाने, जॅक, लेथचं डोकं, आणि मधोमध तिची तीन मीटर, कारण तोवर आणखी दोघांनी मागणी केली होती. मुसलमानाचं गॅरेज, पण खंडेनवमी बाबांपासून चालत आलेली. गिऱ्हाईक येतं, नारळ फोडतं, पेढे वाटतं. हंबीरराव आले आणि त्यांनी आगाशेसाहेबांसाठी केशरी फेटा आणि गुळाची ढेप आणली. फेटा मीटरच्या शेजारी ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हाफिजा पेढ्यांचं ताट धरून उभी होती. तिने तेव्हा ठरवलं होतं, आज सांगायचं. मग वाटलं, सणाच्या दिवशी नको. सण झाल्यावर वाटलं, अम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. ऑपरेशन झालं, डोळा बरा झाला, अम्मा त्या डोळ्याने पुन्हा तिच्यासाठी मुलं बघायला लागली, आणि हाफिजा रोज पाऱ्याच्या नळीसमोर उभी राहून एक वाक्य जुळवत राहिली. वाक्य साधं होतं. रिकाम्या प्रयोगशाळेत ते तिला स्पष्ट म्हणता यायचं. फेटा तिच्या कपाटात, तिच्या साड्यांवर, कागदात गुंडाळून होता. ढेप मात्र घरात सगळ्यांनी खाल्ली. तीही खायची. तिच्या हातच्या कामाबद्दल दुसऱ्याला पोचलेला गूळ पोळीशी लावून खाताना तिला पहिल्यांदा जे जाणवलं तो अपमान आहे हे तिला बरेच दिवस कळलंच नव्हतं; तिला वाटायचं, गूळच थोडा खारट आहे.

आणि आणखी एक होतं, जे ती आत्ता, टॉर्च विझवून हातात धरून उभी असताना, स्वतःपासून लपवू शकत नव्हती. आगाशेसाहेब तिच्या उपयोगी पडले होते. थंड इंजिनावर गाडी दाबू नका, असं ती म्हणाली तेव्हा हंबीरराव तिच्याकडे न बघता गौसशी बोलत राहिले होते. पंधरा दिवसांनी गौस तेच म्हणाला, आगाशेसायेब म्हंतात, थंड इंजिनावर दाबू नका. त्या दिवसापासून हंबीरराव रोज सकाळी गाडी सुरू करून दात घासून होईपर्यंत तशीच चालू ठेवू लागले. मग तिने तेच सुरू केलं. तेल लवकर बदलायला सांगायचं असेल तर आगाशे. मुंबईचं पेट्रोल निराळं, इथल्या पेट्रोलवर जास्त दाब झेपणार नाही, हे सांगायचं असेल तर आगाशे. तिचं सगळं खरं त्या माणसाच्या तोंडून जायचं आणि पोचायचं. तिला त्यात गंमतही वाटली होती. वर्गात ती एकदा बोलताबोलता "आगाशे म्हणतात" असं म्हणून गेली होती आणि पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. पण ज्याच्या तोंडून खरं पोचतं त्याच्याच तोंडून खोटंही पोचणार, एवढा साधा हिशोब तिने केला नव्हता. नळी ती नळीच. तिच्यातून काय वाहतं हे तोटी ज्याच्या हातात तो ठरवणार.

ती पुन्हा सीटवर वाकली आणि तिने बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. थेंबाचे दोन अर्धे पुन्हा जुळवले तर मीटर निदान खरं बोललं असतं. गौसने तिचं मनगट धरलं. जोराने नाही, पण धरलं.

"ऱ्हाऊ दे."

"भाई, सोड."

"आज त्येंची आई बसणार हाय गाडीत. ज्योतिबाला निघाल्यात. म्हातारीम्होरं ते डोळं मारायला लागलं तर मालक माझी इज्जत काढतील. परत आल्यावर बघू. दांडी पन सोडतो, मीटर पन सरळ करू. खुदा की कसम. आज नगं."

आज नको. तिला आपलाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला, गौसने डॅशबोर्डाचं झाकण दाबून बसवलं, चार स्क्रू भराभर पिळले आणि फडक्याने वरची धूळ पुसली. त्याचे हात किती सफाईने चालतात हे ती बघत राहिली. तिला त्या सफाईचा राग आला.

हंबीरराव पांढऱ्या विजारीत, पायांत कर्रकर्र वाजणाऱ्या चपला घालून आले. मागून त्यांची आई, अंबूबाई, काखेत खोबऱ्यागुलालाची पिशवी धरून जीपमधून उतरली आणि जपानी गाडीकडे म्हशीकडे बघावं तसं दातांपासून शेपटीपर्यंत बघून म्हणाली, "हीच व्हय ती? लईच बसकी हाय की रं. माणसानं शिरायचं का रांगायचं?"

"रांग म्हातारे, रांग. एकदा बसलीस की डोंगर कवा आला कळायचं न्हाय." हंबीरराव डॅशबोर्डात डोकावले. "काय गौसभाई, बरा झाला का आकडा? सायेब आलते का?"

"आकडा आता नाचायचा न्हाय मालक," गौस म्हणाला. हाफिजाच्या पर्समध्ये कपॅसिटर तसाच होता.

"तुम्ही चला संगं. चढाला बघा कशी वढतीया. आन् ही कोण? भण न्हवं तुमची? मास्तरीण?" 

"कॉलेजात आहे," हाफिजा म्हणाली.

"तिला बी घ्या," अंबूबाई आत शिरताशिरता म्हणाली. "तुमी दोघं म्होरं बसून इंजानाचं बोलणार. मी काय खिडकीशी बोलू? ये गं पोरी, बस हितं. देवाला येतीस न्हवं?"

येत नाही म्हणता आलं असतं. कॉलेजचं काम सांगता आलं असतं. ती मागच्या सीटवर बसली, कारण तिला एवढंच कळत होतं की ही गाडी तिच्या खोट्या आकड्यासकट तिच्या नजरेआड गेली तर ती संध्याकाळपर्यंत भिंतीकडे बघत बसेल. दसरा चौकातून, गंगावेशीतून गाडी हळू निघाली. आकडे शून्याजवळ होते. अंबूबाईने पिशवीतून चिरमुरे काढून तिच्या ओंजळीत दिले आणि विचारलं, लगीन झालंय का? नाही म्हटल्यावर, शिकल्याली हाय म्हणून न्हाय का पसंत न्हाय म्हणून, असं विचारलं. हाफिजा म्हणाली, "विचारायला कुणी आलंच तर माझ्या भावाला विचारतात, मला नाही." म्हातारी खो खो हसली. "माझ्या येळंला तर भावाला बी न्हाय इचारलं. चुलता बैल बघाय जाऊन नवरा बघून आला." शिवाजी पूल गेला. पंचगंगेवरचं वारं आत आलं. वडणगे फाट्यानंतर रस्ता मोकळा लागला तसे हंबीररावांनी पाय दाबला, आणि पाठ सीटला चिकटली. तिने पुढच्या दोन सीटांमधून पाहिलं. पॉइंट तीन. पॉइंट पाच. पॉइंट सहा. आकडा न लुकलुकणारा, लाल, सभ्य. तिने मनात भागाकार केला. पॉइंट नऊ.

"बघितलं? सहाच्या वर जात न्हाय," हंबीरराव म्हणाले. "आधी उगं घाबरवत हुतं. सायबानं बराबर केलं."

"सायेब म्हणलंच," गौस म्हणाला, "मीटरातच चूक हुती, गाडीत न्हाय."

मीटरातच चूक होती. तिने ते वाक्य ऐकलं आणि तिच्या हातातले चिरमुरे ओलसर झाले. गौसने मागे वळून पाहिलं नाही. पण त्याची मान, मानेवरची ती जुनी भाजल्याची खूण, तिला दिसत होती आणि ती मान ताठ झाली होती. त्यालाही माहीत होतं आपण काय म्हणालो. बोलायच्या भरात तो म्हणून गेला होता, जसं तो आडनाव म्हणून गेला होता, जसा ताकाचा पेला म्हणून गेला होता. त्याचं खोटं नेहमी असंच असायचं, प्रेमळ, चटकन सुचणारं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोललेलं. आणि प्रत्येक वेळी ते तिच्याच अंगावरून कापून काढलेलं असायचं. आधी तिचं नाव. मग तिचा शब्द. आता तिच्या मीटरावर न झालेली चूक लादली गेली होती, आणि ती चूकसुद्धा तिच्या नावावर नव्हती, कारण चूक करायलाही माणूस असावा लागतो आणि या गोष्टीत ती नव्हतीच. तिला प्रयोगशाळेची भिंत आठवली, पाऱ्याची उभी रेघ, आणि त्या रेघेशेजारी डोळा आणून, श्वास रोखून तिने पाहिलेला प्रत्येक आकडा. त्या खोलीत आगाशे कधी आले नव्हते. तिथे ती होती. पंप मारून दंड दुखले होते ते तिचे.

केर्ली मागे पडली आणि गाडी डोंगराच्या रस्त्याला लागली. चढ सुरू झाला. रविवार असल्यामुळे रस्त्याच्या कडेने पायी चालणारी माणसं होती, डोक्याला गुलाल, खांद्यावर पोरं. हंबीरराव हॉर्न देत त्यांच्या मधून वाट काढत होते आणि वळण संपलं की पुन्हा दाबत होते. तेव्हा तिला तो आवाज आला. आधी फार बारीक, पत्र्याच्या डब्यात ज्वारी हलवावी तसा. वळणावर गेला. पुढच्या चढावर पुन्हा आला, आता मोठा. पेट्रोल वेळेआधी भडकत होतं. पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर घाव बसत होता, सेकंदाला कितीतरी वेळा. तिने गौसकडे पाहिलं. त्यानेही ऐकलं होतं. गाड्यांखाली आयुष्य गेलेल्या माणसाला तो आवाज न कळणं शक्य नव्हतं. तो मीटरकडे बघत होता. मीटर सहा म्हणत होतं आणि तो त्या सहावर विश्वास ठेवायची धडपड करत होता, स्वतःच फिरवलेल्या स्क्रूवर, जणू खरोखरच कुणी साहेब येऊन गेला होता. हे बघून तिचा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

"कायतरी वाजतंय का रं?" अंबूबाई म्हणाली.

"रस्त्याची खडी असंल," हंबीरराव म्हणाले.

म्हातारीचं समाधान झालं नाही. तिने पुढे वाकून बोट केलं. "आन् त्ये लाल काय हाय? मघापास्नं बघतीया. काय सांगतंय ते?"

"त्ये तुला न्हाय कळायचं आये. पुण्याच्या सायबानं केलंय. गाडीला कुठवर दाबायची ते सांगतंय."

"मग काय म्हंतंय? दाब म्हंतंय का थांब म्हंतंय?"

"दाब म्हंतंय!" हंबीरराव हसले आणि त्यांनी दाबली. डब्यातली ज्वारी खडखडली. डाव्या बाजूला दरी उघडी पडत चालली होती, खालच्या शेतांचे चौकोन लहान होत होते, आणि पुढच्या वळणावर उसाच्या मोळ्यांनी भरलेली एक बैलगाडी आणि तिच्या आडून चालणारी बायकापोरं होती.

अजून एक वाट होती, आणि ती तिला स्पष्ट दिसत होती. एवढंच म्हणायचं होतं: आगाशेसाहेब म्हणाले होते, डोंगरावर चढताना हळू घ्या. बस. हंबीररावांचा पाय त्याच क्षणी उचलला गेला असता. म्हातारी सुखरूप देवाला पोचली असती, गौसची इज्जत राहिली असती, संध्याकाळी दांडी सुटली असती, स्क्रू सरळ झाला असता आणि घरी आणखी एक ढेप आली असती. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं सुद्धा. किती सोपं होतं, किती गुळगुळीत. आणि तिचं स्वतःचं वाक्य? ते ऐकून पाय उचलला जाईल याची खात्री काय? मास्तरीण काहीतरी बोलली, असं म्हणून ते आणखी दाबतील. तिच्या शब्दाला या गाडीत वजन नव्हतं. पण ते वजन कुठे गेलं होतं? तिनेच ते महिन्यामहिन्याने, चिमूटचिमूट करून, एका नसलेल्या माणसाच्या पारड्यात टाकलं होतं. आज पुन्हा टाकलं तर उद्या काय उरेल? उद्या तो माणूस तिला वर्गातही बोलू देणार नाही. तिला त्याचा चष्मा दिसला, ताकाचा पेला दिसला, त्याचं सौम्य, समजूतदार हसू दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाच्या तरी तोंडात मारावंसं वाटलं.

"पोरी," अंबूबाई तिच्याकडे वळली, "तू तरी सांग. शिकल्याली हायस. खरं काय म्हंतंय ते?"

"आगं आये, तिला काय..." हंबीरराव म्हणाले.

गौस मागे वळला. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांवर आले. त्यात दटावणी नव्हती; त्यात विनवणी होती, परत आल्यावर, घरी गेल्यावर, आज नको. ती त्याच्याकडे बघतच बोलली, पण बोलली हंबीररावांशी, आणि तिचा आवाज वर्गात असतो तेवढाच होता, शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढा.

"पाय काढा, हंबीरराव. आगाशे नावाचा कुणी माणूस नाही. हे मीटर मी केलंय, पहिल्या तारेपासून मी केलंय. आत्ता ते खोटं बोलतंय, आत नऊ आहे आणि ते सहा दाखवतंय. गाडी कडेला घ्या. मी ते काढून घेणार आहे, आणि पुन्हा बसेल तेव्हा त्यावर माझं नाव असेल."